मदत हवी आहे: जुन्या हॉलिवूडची मूळ कागदपत्रं लायब्ररीत शोधायची कशी? (अर्जंट)

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. पटकन मदत हवी आहे. जुन्या हॉलिवूडवर पेपर लिहितोय. सरांना प्रायमरी सोर्सेस हवेत, नुसती पुस्तकं चालणार नाहीत. आत्ता युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतच बसलोय. कॅटलॉगमध्ये सिनेमाचं नाव टाकलं की डीव्हीडी येते, विषय टाकला की हजारोंनी रिझल्ट येतात. शेल्फपाशी जाऊन पाहिलं तर सगळी समीक्षेची पुस्तकं. शुक्रवारी आउटलाइन द्यायची आहे. कुणी यातून गेलंय का? विकिपीडिया बघ, असं कृपया सांगू नका.

टिंबटिंब
कुठली युनिव्हर्सिटी? कुठला सिनेमा? जुना म्हणजे १९१५ चा की १९७५ चा?

निवृत्त_ग्रंथपाल
चिरंजीव, घाबरू नका. ड्यूई दशांश वर्गीकरणात चित्रपट हा विषय ७९१.४३ या क्रमांकाखाली येतो. त्या कपाटापाशी उभे राहून डावीकडून उजवीकडे एकेक ग्रंथ हातात घेऊन पाहावा. संदर्भसूची मागे असते, ती आधी वाचावी. हल्लीची मुले थेट संगणकापाशी बसतात, तिथेच घोटाळा होतो.

फिरस्ता
काका, अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत ड्यूई नसतं. तिथे लायब्ररी ऑफ काँग्रेसचं वर्गीकरण असतं, सिनेमा पीएन १९९३ ते पीएन १९९९ या पट्ट्यात.
रात्रपाळी, तू लायब्ररीतून उठ आणि लॅपटॉपवर 'लँटर्न' उघड. फुकट आहे. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीचं सर्च इंजिन. 'व्हरायटी', 'फिल्म डेली', 'मोशन पिक्चर हेरल्ड', 'फोटोप्ले', सगळी जुनी नियतकालिकं पानन् पान स्कॅन केलेली. सिनेमाचं नाव अवतरणचिन्हांत टाक, वर्षं मर्यादित कर, संध्याकाळपर्यंत पेपर तयार. माझ्या एमएच्या वेळी मी लायब्ररीची पायरीही चढलो नव्हतो.

निवृत्त_ग्रंथपाल
ते दिसतेच आहे.

थंडीवारा
तू अमेरिकेत नवीन आहेस का? जॅकेट तिकडेच घे, इथून नेऊ नकोस. आतून फ्लीस असलेलं घे. बूट वॉटरप्रूफ हवेत.

रात्रपाळी
जॅकेट आहे माझ्याकडे.
सिनेमा १९३२ चा आहे. 'आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग'. वॉर्नर ब्रदर्स. लँटर्न पाहिलं, परीक्षणं आणि जाहिराती मिळाल्या. मला ते नकोय.

टिंबटिंब
मग काय हवंय ते तरी सांग. आणि युनिव्हर्सिटी? दुसऱ्यांदा विचारतोय.

मॅटिनी_शो
वा! पॉल म्युनी! त्याच वर्षी त्याचा 'स्कारफेस' आला होता. काय ताकदीचा नट. 'फ्युजिटिव्ह'चा शेवट आठवतो का कुणाला? ती अंधारात विचारते, पोट कसं भरतोस, आणि तो काळोखात मागे सरकत जातो...

गोट्या_डोंबिवली
स्कारफेस अल पचिनोचा ना?

मॅटिनी_शो
तो १९८३ चा. हा मूळ. इथून पुढचं वेगळ्या धाग्यावर.

दिंडीदरवाजा
रात्रपाळी, सिनेमा कळला, पण पेपरचा प्रश्न काय आहे? "अमुक सिनेमा" हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न कळल्याशिवाय कागद कुठल्या गावात आहेत ते सांगता येणार नाही. या विषयात कागद स्टुडिओनुसार विखुरलेले आहेत. एकाचे एका शहरात, दुसऱ्याचे दुसऱ्या.

रात्रपाळी
ताई, सिनेमा रॉबर्ट बर्न्स नावाच्या माणसाच्या आत्मचरित्रावर आहे. तो जॉर्जियातल्या चेन गँगमधून (साखळदंड घालून मजुरी करायला लावलेल्या कैद्यांच्या टोळीतून) दोनदा पळाला, १९२२ आणि १९३० मध्ये. त्याची कहाणी आधी 'ट्रू डिटेक्टिव्ह मिस्टरीज'मध्ये क्रमशः आली, मग १९३२ ला पुस्तक. पुस्तकाच्या नावात 'जॉर्जिया' आहे. सिनेमाच्या नावात नाही, आणि सिनेमात कुठेच त्या राज्याचं नाव घेत नाहीत. मला हे शोधायचंय की नाव कुणी काढलं: पटकथा लिहिणाऱ्यांनी, स्टुडिओच्या वकिलांनी की हेज ऑफिसने (स्टुडिओंच्याच संघटनेचं, सिनेमांच्या मजकुरावर लक्ष ठेवणारं ऑफिस). लँटर्नवर कुणी हे लिहिलेलं नाही, म्हणूनच तर इथे विचारतोय.

न्यूजर्सीची_मावशी
अरे, तो बर्न्स आमच्या न्यूअर्कलाच सापडला! डिसेंबर १९३२ मध्ये, सिनेमा थिएटरात असतानाच पकडला. जॉर्जियाने परत मागितला, पण न्यू जर्सीचे गव्हर्नर मूर यांनी द्यायला नकार दिला. त्या आठवड्यांतली न्यूअर्कची वर्तमानपत्रं जरूर पाहा. मोठं रामायण झालं होतं.

दिंडीदरवाजा
हा चांगला प्रश्न आहे. आता तरी सांग, कुठे शिकतोस?

रात्रपाळी
मॅडिसन, विस्कॉन्सिन विद्यापीठ. मेमोरियल लायब्ररी. मला वाटलं होतं लिहिलंय.

टिंबटिंब
नाही लिहिलंस.

दिंडीदरवाजा
अरे बाबा! मग तू चुकीच्या इमारतीत बसलायस. मेमोरियल लायब्ररीच्या दारातून बाहेर ये, समोरचा लायब्ररी मॉल ओलांड, खांबांची दगडी इमारत दिसेल. ती विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटी. विस्कॉन्सिन सेंटर फॉर फिल्म अँड थिएटर रिसर्चचे कागद तिथे आहेत. युनायटेड आर्टिस्ट्सने १९६९ मध्ये आपलं दप्तर त्यांना दिलं.
आता तू म्हणशील, माझा सिनेमा वॉर्नरचा, युनायटेड आर्टिस्ट्सचं काय काम? गंमत तिथेच आहे. वॉर्नरने १९५० पूर्वीचे आपले सिनेमे टीव्हीवाल्या एका कंपनीला विकले होते, आणि १९५८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने त्या कंपनीचा ताबा घेतला. त्यामुळे वॉर्नरच्या जुन्या सिनेमांच्या पटकथा, फोटो, प्रेसबुकं, प्रिंटा असं सगळं त्या गठ्ठ्यात मॅडिसनला पोचलं. तुझ्या सिनेमाची पटकथा विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रेसने १९८१ मध्ये प्रस्तावनेसह छापलीसुद्धा आहे. ते पुस्तक तू बसलायस त्याच इमारतीत असेल. आधी ते घे. प्रस्तावनेच्या तळटिपांत कुठलं पत्र कुठे ठेवलंय ते लिहिलेलं असतं.
मुख्य कॅटलॉगमध्ये ही दप्तरं एकेक कागद करून दिसत नाहीत. पूर्ण संग्रहाची एकच नोंद असते, आत काय आहे ते 'फाइंडिंग एड'मध्ये. म्हणून सिनेमाचं नाव टाकलं की तुला डीव्हीडी दिसते.

रात्रपाळी
समोरची इमारत??? मी रोज तिथून जातो. फाइंडिंग एड म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका असते तसं का?

निवृत्त_ग्रंथपाल
त्याला मराठीत संग्रहसूची म्हणावे. दप्तरातील पेटी क्रमांक, तीत कोणती फाईल, फाईलीवर कोणते नाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढेच त्यात असते. प्रत्येक पत्राची नोंद नसते. सिनेमाच्या नावाने न सापडल्यास माणसाच्या नावाने पाहावे, तेही न सापडल्यास खात्याच्या. कागद ज्याने निर्माण केला त्याच्या नावाने तो ठेवलेला असतो, विषयाच्या नावाने नव्हे. हे मात्र तुम्हाला कोणताही संगणक सांगणार नाही.

फिरस्ता
काका, हे बरोबर बोललात. पण ताई, पटकथेचे मसुदे बघून "कुणी काढलं" हे कसं कळणार? फार तर "कधी काढलं" कळेल. आणि ट्रेड पेपर, म्हणजे 'व्हरायटी'सारखी सिनेधंद्याची पत्रं, फेकून द्यायची गरज नाही. लँटर्नमध्ये नुसतं शीर्षक टाकू नका. बर्न्स टाका, चेन गँग टाका, जॉर्जियासोबत वॉर्डन टाका. स्कॅनिंगमध्ये अक्षरं बिघडतात, शीर्षक लांब असेल तर हमखास. तुकड्यांत शोधलं की सापडतं.

दिंडीदरवाजा
मसुद्यांनी "कधी" कळतं, मान्य. पण "कधी" कळलं की "कुणी"चं वर्तुळ लहान होतं. मे महिन्याच्या मसुद्यात जॉर्जिया असेल आणि जूनच्या मसुद्यात नसेल, तर मधली पत्रंच शोधायची. (महिने उदाहरणादाखल.) ट्रेड पेपरमध्ये स्टुडिओला जे सांगायचं होतं ते सापडतं, लपवायचं होतं ते नाही. निम्मा मजकूर प्रसिद्धी खात्याने पुरवलेला असायचा.

फिरस्ता
आणि मेमो काय देवाने लिहिलेत? मेमो लिहिणाराही स्वतःला वाचवतच लिहितो.

दिंडीदरवाजा
तेही खरं. म्हणून दोन्ही एकमेकांशेजारी ठेवायचे.
वॉर्नरचे अंतर्गत मेमो मॅडिसनला नाहीत, ते लॉस एंजेलिसला यूएससीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या) वॉर्नर ब्रदर्स आर्काइव्ह्जमध्ये आहेत. १९७७ मध्ये तिथे दिले गेले. कथा विभाग, निर्मिती, वकिलांच्या फाइली, सगळं. मी माझ्या कामासाठी पाहिलेत. त्यांच्या मेमोच्या कागदावर तळाला छापलेलंच असायचं की तोंडी निरोपांनी गैरसमज आणि उशीर होतो, कृपया लेखी द्या. त्या एका ओळीची कृपा, की वॉर्नरचा तेव्हाचा निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनक याच्या खोलीतल्या चर्चाही टाइप होऊन राहिल्या. पिवळट पातळ कागद, कार्बन कॉपीची निळसर पुसट अक्षरं, समासात कुणीतरी पेन्सिलने मारलेली रेघ. ती रेघ कुणाची हे ओळखण्यात माझी एक दुपार गेली होती. तिथे वेळ ठरवूनच जावं लागतं, शुक्रवारपर्यंत जमणार नाही. पण आउटलाइनमध्ये "पुढची पायरी" म्हणून लिही, सर खूश होतील.

सेन्सॉर_कात्री
१९३२ मध्ये हॉलिवूडला सेन्सॉर नव्हतंच. ते प्री-कोड युग. मनाला येईल ते दाखवत. त्यामुळे हेज ऑफिसचा काही संबंध नाही.

टिंबटिंब
हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण चूक आहे. कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं नाही याची स्टुडिओंची नियमावली, १९३० ला स्वीकारला, जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या हाताखाली सक्तीने लागू झाला. शिक्का न घेता सिनेमा दाखवला तर २५ हजार डॉलर दंड. १९३२ मध्ये दंड नव्हता, पण हेज ऑफिसचा जेसन जॉय पटकथा वाचून स्टुडिओंना पत्रं लिहायचाच. शिवाय राज्यांची सेन्सॉर मंडळं होतीच: पेनसिल्व्हेनिया १९११ पासून, ओहायो १९१३, न्यूयॉर्क १९२१. १९१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिनेमा हा धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असा निकाल दिला होता. तो फिरायला १९५२ उजाडलं.
रात्रपाळी, हेज ऑफिसच्या सिनेमावार फाइली बेव्हर्ली हिल्सला मार्गारेट हेरिक लायब्ररीत आहेत. ती अकॅडमीची, म्हणजे ऑस्करवाल्यांची. त्यातल्या साधारण ५०० सिनेमांच्या फाइली मायक्रोफिल्मवर निघाल्या आहेत. तुझा सिनेमा त्या यादीत आहे का ते लायब्ररियनला विचार. असेल तर आंतरग्रंथालय कर्जाने रीळ मागवता येईल, तिकिटाचा खर्च वाचेल.

सेन्सॉर_कात्री
बरं, पण "सक्तीचं" सेन्सॉर नव्हतं हे माझं म्हणणं बरोबरच आहे ना?

टिंबटिंब
ओहायोत थिएटर असतं तर विचारलं असतंस.

गिरगावकर
अवांतर: यापेक्षा आपल्याकडचा विषय घे की! १९२७-२८ च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीचे साक्षीपुरावे छापील आहेत, रंगाचारियर समितीचे. मुंबईचे वितरक, थिएटरमालक, सेन्सॉर बोर्डाची माणसं, सगळ्यांच्या साक्षी. अमेरिकन सिनेमांनी इथला बाजार कसा व्यापला होता ते तोंडी पुराव्यातून कळतं. तेव्हा आपल्याकडे दाखवले जाणारे बहुतेक सिनेमे तिकडचेच असायचे. यावर मराठीत कुणी लिहितच नाही.

रात्रपाळी
काका, विषय मंजूर झालाय, बदलता येणार नाही.

गिरगावकर
बदल म्हणत नाही. पुढच्या सत्राला घे.

कष्टाळू_आळशी
एवढं कशाला? एआयला विचार, दोन मिनिटांत संदर्भयादी देईल.

दिंडीदरवाजा
देईल. त्यातले अर्धे पेटी क्रमांक अस्तित्वात नसतील. रीडिंग रूममध्ये नसलेली पेटी मागताना चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय, दुसऱ्याचा.

रात्रपाळी
अपडेट. पलीकडे जाऊन आलो. आर्काइव्ह्जची रीडिंग रूम चौथ्या मजल्यावर आहे. छापील पटकथेचं पुस्तक मिळालं, तळटिपा खरंच सोन्यासारख्या आहेत. पेट्यांची मागणी टाकली, उद्या सकाळी बघायला मिळतील. पाठीवरची बॅग लॉकरमध्ये, पेन बंद, फक्त पेन्सिल. फोनने फोटो काढू देतात का?

टिंबटिंब
बहुतेक ठिकाणी फ्लॅश न वापरता देतात, तरी टेबलावरच्या माणसाला विचारून घे. काही कागदांना अटी असतात.
अटलांटाची, म्हणजे जॉर्जियाच्या राजधानीची बाजू कुठून घेणार आहेस? नुसता स्टुडिओ बघून भागणार नाही. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी स्टुडिओवर दावे लावले होते. 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन' हे तिथलं वर्तमानपत्र प्रोक्वेस्ट या ऑनलाइन डेटाबेसच्या जुन्या वर्तमानपत्रांत आहे, विद्यापीठाचं लॉगिन चालेल. १९३२ चा नोव्हेंबर ते १९३३ चा उन्हाळा एवढं चाळ.

न्यूजर्सीची_मावशी
आणि न्यूअर्क विसरू नकोस.

निवृत्त_ग्रंथपाल
एक सूचना. फोटो काढण्यापूर्वी प्रत्येक वेळी फाईलीच्या कव्हरचा फोटो आधी घ्यावा: पेटी क्रमांक, फाईल क्रमांक, नाव दिसेल असा. मग आतल्या कागदांचे. कव्हर, कागद, कागद, पुढचे कव्हर, या क्रमाने. फाईलीतल्या कागदांचा क्रम बदलू नये, चुकीचा वाटला तरी. आणि मसुद्यांच्या पहिल्या पानावरील तारीख पाहून थांबू नये. दुरुस्त केलेली पाने मागाहून घातलेली असतात, काही ठिकाणी ती वेगळ्या रंगाच्या कागदावर असतात व त्यांवर स्वतःची तारीख असते. तुमचे उत्तर असलेच तर त्या पानांत असेल.

फिरस्ता
काका, तुम्ही ड्यूईवरून सुरुवात केलीत तेव्हा वाटलं नव्हतं.

रात्रपाळी
रंगीत पानांचं माहीत नव्हतं. धन्यवाद काका, ताई, टिंबटिंब. उद्या सकाळी दार उघडायच्या वेळी तिथे असेन. अजून एक: तळटिपेत पेटीचा संदर्भ कसा लिहायचा?

टिंबटिंब
कुठली स्टाइल? एमएलए की शिकागो?