कांदा निर्यातबंदीवर खासदारांमार्फत प्रश्न विचारायचाय, मंत्री कोणता धरायचा?

वाशीकर

मी वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला एका निर्यातदाराकडे हिशेब आणि कागदपत्रं बघतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा आमच्या गाड्या न्हावाशेवा बंदराच्या वाटेवर होत्या. माल परत गाळ्यावर उतरवला. चार दिवसांत गोण्यांतून कोंब बाहेर यायला लागले, मग मिळेल त्या भावात काढला.

त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी ५५० डॉलर आणि ४० टक्के मानेवर होतेच. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. मधल्या काळात बांगलादेशला ५० हजार टन आणि यूएईला १४,४०० टन कांदा सरकारच्या परवानगीने गेला, पण तो नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या सहकारी निर्यात संस्थेमार्फत. आमच्यासारख्यांना दार बंद.

हे नक्की कुणी ठरवलं, वाणिज्य, ग्राहक व्यवहार, अर्थ की परराष्ट्र? खासदारांना संसदेत विचारण्यासाठी प्रश्न लिहून द्यायचा म्हणतोय. कसा लिहायचा? पुढच्या वेळी माल गाडीत भरायच्या आधी कळावं, एवढीच इच्छा आहे.

येऊर

कशाला वेळ घालवताय? अकरा वाजता लोकसभा सुरू होते, सव्वाअकराला गोंधळात तहकूब. प्रश्नोत्तराचा तास उरलाय कुठे?

नौपाडा

वाशीकर, अवश्य लिहा. मी मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. लोकसभेची रीत फार वेगळी नाही.

उत्तर टेबलावर कसं तयार होतं ते आधी सांगते, म्हणजे प्रश्न कसा लिहायचा ते कळेल. अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आला की बाकीच्या नस्त्या (फायली) बाजूला पडतात. आपल्याकडे प्रश्नाचा पहिला भाग ठरलेला असतो: अमुक ठिकाणी अमुक तारखेला असं असं घडलं, "हे खरे आहे काय?" खालचे भाग "असल्यास" ने सुरू होतात. आता पहिल्या भागात गावाचं नाव चुकलं, महिना चुकला किंवा आकडा ऐकीव असला, की आम्ही लिहायचो "हे खरे नाही". मग खालच्या सगळ्या भागांसमोर एकच उत्तर, "प्रश्न उद्भवत नाही". आमदारांनी तळमळीने विचारलेले कितीतरी प्रश्न असे एका ओळीत संपलेले मी पाहिलेत आणि दर वेळी वाईट वाटलंय. उलट ज्याने अधिसूचनेची तारीख आणि नेमका आकडा घातलाय, त्याला "होय" किंवा निदान "अंशतः खरे आहे" लिहावंच लागतं. तिथून पुढे कारणं द्यावी लागतात.

मंत्री कोणता, हा तुमचा खरा पेच. बंदीची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे वाणिज्य मंत्रालय. ४० टक्के शुल्क अर्थ मंत्रालयाचं. नाफेडमार्फत होणारी कांद्याची राखीव खरेदी आणि किरकोळ भावावरची नजर ग्राहक व्यवहार विभागाकडे. बांगलादेशसारख्या देशाच्या विनंतीत परराष्ट्र मंत्रालयही येतं. चौघांना एका प्रश्नात बांधलंत तर तो चौघांपैकी कुणाकडेही सरकेल आणि उत्तर येईल की बाकीचा विषय आमचा नाही. चार वेगळे प्रश्न करा. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो, त्यामुळे ते तसेही वेगवेगळ्या दिवशी लागतील. आणि गाळे, सेस, तोलाई ही तक्रार दिल्लीला पाठवू नका. ते राज्याच्या पणन विभागाचं, त्यासाठी आमदार.

येऊर, तहकुबीचं म्हणता ते खरं आहे आणि मलाही त्याचा संताप येतो. पण लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात आणि २३० पर्यंत अतारांकित. अतारांकितांना लेखी उत्तर असतं. तारांकितांपैकी ज्यांची पाळी येत नाही त्यांचीही लेखी उत्तरं पटलावर जातात. सभागृह पाच मिनिटांत उठलं तरी तो कागद होतो आणि संसदेच्या संकेतस्थळावर राहतो. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, तरी लेखी उत्तरं आली. गोंधळात जातात ते उपप्रश्न, म्हणजे तोंडी उत्तरावर सदस्य तिथेच विचारतात ते. ते नुकसान मात्र मोठं आहे, कारण मंत्र्यांना खरी अडचण त्यांचीच होते. संभाव्य उपप्रश्नांची पूरक टिपणी आम्ही पानंच्या पानं लिहायचो, तरी एखादा अभ्यासू सदस्य टिपणीत नसलेलंच विचारायचा. मग अधिकारी दीर्घेतून (गॅलरीतून) चिठ्ठ्या पाठवत बसायचे.

पारसिक

नौपाडा काकू, उपप्रश्नावरून मुंदडा प्रकरण आठवलं, परीक्षेसाठी वाचलंय. सप्टेंबर १९५७ मध्ये राम सुभग सिंग यांनी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत पैसे घातले का, असं विचारलं. सरकारने उत्तर टाळायचा प्रयत्न केला. मग फिरोज गांधींनी विषय लावून धरला, न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. सत्तेत काँग्रेस आणि हे दोघे खासदारही काँग्रेसचेच.

नौपाडा

बरोबर. म्हणून आपले खासदार सत्तेतले की विरोधातले, यावर अडून बसू नका. आणखी एक: मंत्री सभागृहात "तपासून पाहू", "माहिती घेऊन पटलावर ठेवू" म्हणाले, तर ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यासाठी स्वतंत्र आश्वासन समिती आहे. असं वाक्य उत्तरात सापडलं तर तारीख लिहून ठेवा आणि खासदारांच्या मागे लागा.

वाशीकर

काकू, मनापासून आभार. रात्री बसून वाणिज्यचा मसुदा केलाय. बघता का?

वाणिज्य व उद्योग मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय:
(क) ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यात बंद केली तेव्हा बंदरात व वाटेत असलेला एकूण किती टन कांदा अडकला;
(ख) हा अन्यायकारक निर्णय घेण्यापूर्वी निर्यातदारांशी चर्चा झाली होती काय, असल्यास कोणत्या तारखेस;
(ग) बंदीच्या काळात बांगलादेशचे लाड करून तिकडे देशनिहाय व महिनानिहाय किती टन कांदा पाठवला व खासगी निर्यातदारांना वगळण्याचा निकष काय;
(घ) पुढे अशी बंदी घालताना काही दिवसांची पूर्वसूचना देण्याचा विचार आहे काय?

नौपाडा

चांगला केलाय. (ख) मधल्या तारखेचा मुद्दा तर फारच छान, तिथे गोलमाल उत्तर देता येत नाही.

"अन्यायकारक" काढा. प्रश्नात विशेषणं आणि अनुमानं चालत नाहीत, सचिवालय तिथेच नामंजूर करू शकतं. "लाड करून" तर काढाच, मित्रदेशाबद्दल अनादराचा शब्द नियमात बसत नाही. "बंदीच्या काळात बांगलादेश, यूएई व इतर देशांना" असं लिहा, तरच देशनिहाय आकडा मागण्याला अर्थ आहे. एकूण मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा.

(क) मधलं "वाटेत असलेला" पण नको. महामार्गावरच्या गाड्यांची नोंद सरकारकडे नसते, त्या दोन शब्दांच्या आधारे सगळ्या भागाला "माहिती उपलब्ध नाही" लिहून मोकळे होतील. अधिसूचनेत आधीच लोडिंग सुरू झालेल्या आणि सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेलेल्या मालाला सवलत होती. तेव्हा असं विचारा: त्या सवलतीखाली किती टन गेला, आणि शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे भरायचा निर्यातीचा कागद) दाखल होऊनही किती टन परत आला. हे दोन्ही आकडे त्यांच्या संगणकात असायला हवेत.

सूचना किमान १५ दिवस आधी जावी लागते. खासदारांच्या स्वीय सहायकाला वाणिज्य मंत्रालयाचा वार विचारून घ्या आणि मसुदा आठवडाभर आधीच त्याच्या हातात द्या. हिंदी किंवा इंग्रजी तो करून घेईल, फक्त आकडे आणि तारखा पाठवण्यापूर्वी तुम्ही स्वतः एकदा ताडून बघा.