ते उलटे लटकलेले मासे आजारी नाहीत

कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटापाशी पाण्याखाली डाईव्ह करताना करडे-निळसर मासे डोकं खाली करून लटकलेले दिसले, ते आजारी असतील का, असं एकाने फोटो टाकून विचारलंय, तर ते ब्लॅकस्मिथ नावाचे मासे. मागच्या अंगावर काळे ठिपके असतात बघा. आजारी वगैरे काही नाही, सेन्योरिटा नावाचा बारका पिवळसर मासा अंगावरचे परजीवी टिपून खातो, त्याच्यासाठी हे असे वेडेवाकडे ताटकळत उभे राहतात आणि तो आला की घोळकाच्या घोळका त्याला गराडा घालतो, बिचाऱ्याला पळता भुई थोडी!

दिवसभर हे ब्लॅकस्मिथ खडकाच्या वर, प्रवाहाकडे तोंड करून प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) टिपतात आणि रात्री कपारीत घुसून झोपतात. तिथेच शी करतात, म्हणजे वरच्या पाण्यातलं अन्न खडकावरच्या जीवांपर्यंत पोचतं, मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. जमलं तर एक नाईट डाईव्ह करा, टॉर्च मारला की फटीफटीत दिसतील.

पिल्लं ओळखायला सोपी, पुढून निळसर-करडी, मागून पिवळी-केशरी. उन्हाळ्यात अंडी नर राखतो. फोटोतला भडक केशरी गॅरिबाल्डी यांच्याच डॅमसेल नावाच्या माशांच्या घराण्यातला, पण त्याला थवा नको असतो, स्वतःची जागा सोडत नाही आणि कोणी जवळ आलं की अंगावर येतो.