मदत हवी आहे: बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचा गोंधळ झालाय

कोथरूडकर:

नमस्कार मंडळी. बाबा 71 वर्षांचे, बीपी गेली बारा वर्षं. रोज सकाळी चहानंतर अ‍ॅम्लोडिपिन 5 ची एक गोळी आणि मग पर्वती. दोन्हीपैकी काही चुकवलं नाही कधी.

महिन्यापूर्वी वरचं बीपी 160 च्या पुढे जायला लागलं म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली. नव्या चिठ्ठीत टेल्मिसार्टन 40 आणि अ‍ॅम्लोडिपिन 5 एकाच गोळीत आहे. काल त्यांचा औषधांचा डबा (श्रीखंडाचा, अर्थातच) आवरायला घेतला, तर नव्या पाकिटाखाली जुनी स्ट्रिप, आणि तीही चालूच! विचारलं तर म्हणाले, "ती बंद कर असं मला कोणी सांगितलं नाही." खरंच आहे म्हणा. कंपनीची नावं वेगळी, रंग वेगळा, मागची बारीक अक्षरं वाचतंय कोण?

दोन आठवडे त्यांचे घोटे सुजलेत. मोजे काढले की काठाचा वळ राहतो, बोट दाबलं की खळगा पडतो आणि सावकाश भरतो. आम्ही समजत होतो पर्वतीच्या पायऱ्यांमुळे. खुर्चीतून उठताना दोनदा भिंत धरली. काल रात्री बीपी 108/64. शिवाय गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक चालू आहे, आणि आईने "बीपीला चांगलं" म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलंय.

डॉक्टर सोमवारपर्यंत परगावी. आज शनिवार. जुनी गोळी मी बंद करू का? की सगळंच थांबवू?

हौशी वैद्य:

दोन दिवस सगळं बंद ठेवा, सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या द्या. माझ्या मामांचं बीपी त्यानेच ताब्यात आलं.

काउंटरमागचा:

लसूण फोडणीत घाला, पण बीपीची सगळी औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी काही तर अचानक थांबवली की उलटतात.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. बाबांना रोज 5 अधिक 5, म्हणजे 10 मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिन जातंय. हा मोठ्यांसाठीचा दिवसाचा सर्वांत जास्त डोस. घोट्याची सूज हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम आणि डोस वाढला की तीही वाढते. त्यावर लघवीची गोळी मागून घेऊ नका, या सुजेला तिचा फारसा उपयोग होत नाही. उठताना चक्कर येते ती बीपी खाली गेल्यामुळे असू शकते. सोमवारची वाट बघू नका. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा, त्यांच्या जागी कोणीतरी बघत असेलच, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांकडे डबा घेऊन जा. चिठ्ठी नको, अख्खा डबा. छातीत दुखलं, धाप लागली किंवा शुद्ध हरपली तर थेट 108.

मिठाचंही सांगतो. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं. म्हाताऱ्या किडनीवर दोन्ही एकदम नको, रक्तातलं पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रोज शहाळं देत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि एक विचारायचंय: गुडघ्याची गोळी कधीपासून?

कोथरूडकर:

दिवाळीपासून. शेजारच्या काकांना गुण आला म्हणून. बीपी वाढलं त्यानंतर दीडेक महिन्याने.

काउंटरमागचा:

मग हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशी वेदनाशामकं शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनबरोबर किडनीवर ताण आणतात. कदाचित नवी गोळी लागलीच त्या गुडघ्यापायी.

सदाशिव पेठेतली सून:

बीपी कसं घेताय? आमच्याकडे सासरे जिना चढून आले की लगेच पट्टा बांधायचे आणि घाबरायचे. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसू दे, हात छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा नको. मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा घ्या. तुमच्याकडे चक्कर आहे, तर एकदा उभं करूनही घ्या.

कोथरूडकर:

फोन लागला, त्यांच्या जागी बसणाऱ्या बाई होत्या. सुटी अ‍ॅम्लोडिपिन बंद, एकत्र गोळी चालू. डायक्लोफेनॅक बंद, गुडघा दुखलाच तर पॅरासिटामॉल. मीठ साधंच, पण हात आखडून. सोमवारी रक्तातल्या क्रिएटिनिनची (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून हळूहळू जातं, तेव्हा सूज उद्याच उतरेल असं समजू नका, असंही म्हणाल्या. चक्कर थांबेपर्यंत पर्वती बंद, यावर बाबा बराच वेळ गप्प होते.

जुनी स्ट्रिप मी कचऱ्यात टाकली. मघाशी बघतो तर बाबा ती खिडकीच्या उजेडात धरून चष्म्यातून वाचतायत. म्हणाले, "अजून दीड वर्ष आहे की एक्सपायरीला."