आयक्यू 102, तोंडी परीक्षेत सर्वांत पुढे आणि लेखी परीक्षेत तीन विषय मागे: हा विद्यार्थी नेमका कुठे अडतो?

प्रश्न: प्राध्यापिका, यंत्र अभियांत्रिकी

मी गेली 14 वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला एक मुलगा आहे. गिअरच्या साखळीतले शेवटचे चाक किती फेरे घेईल आणि कोणत्या दिशेने, हे तो प्रयोगशाळेत कागद-पेन्सिल हातात न घेता सांगतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हायवाला (तोंडी परीक्षेला) त्याला वर्गात सर्वाधिक गुण दिले. लेखी परीक्षेत मात्र त्याचे तीन विषय राहिले आहेत. त्याची उत्तरपत्रिका मी पुन्हा सावकाश वाचली, तेव्हा असे दिसले की एका पानाच्या तळाशी आलेले 0.375 हे उत्तर पुढच्या पानावर उतरवताना 0.357 झाले होते आणि तिथून पुढची प्रत्येक पायरी रीतीने बरोबर असूनही गणित चुकत गेले होते. शेवटचे दोन प्रश्न कोरे होते.

घरच्यांच्या संमतीने त्याची मानसशास्त्रीय तपासणी करून घेतली. अहवालात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणे) असे निदान आहे आणि त्याच पानावर एकूण आयक्यू (बुद्ध्यांक) 102 लिहिला आहे. त्याचे पोटभाग असे आहेत: शाब्दिक आकलन 120, दृश्य तर्क 111, कार्यकारी स्मृती 86, प्रक्रियेचा वेग 79. आमच्या विभागातील एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की आयक्यू सरासरी आहे, म्हणजे मुलगा केवळ अभ्यास करत नाही. ते मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. अध्ययन अक्षमता आणि सरासरी आयक्यू या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, आणि वयाच्या 19 व्या वर्षी महाविद्यालयाने त्याच्यासाठी काय करावे?

उत्तर 1: चिकित्सा मानसशास्त्रज्ञ

आपण पोटभाग दिलेत हे बरे झाले, कारण नुसता 102 हा आकडा या मुलाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. या चाचणीत प्रत्येक भागाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचे माप) 15 धरलेले असते. त्या हिशेबाने शाब्दिक आकलनात तो शंभरातील नव्वदांच्या पुढे आहे, तर प्रक्रियेच्या वेगात शंभरातील सुमारे 92 जण त्याच्या पुढे आहेत. एकाच माणसाच्या दोन क्षमतांत 41 गुणांचे अंतर असताना त्यांची गोळाबेरीज करून आलेला आकडा म्हणजे एक हात उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून सरासरी तापमान ठीक आहे असे सांगण्यासारखे आहे.

या भागांचा अर्थ थोडा सविस्तर सांगतो. कार्यकारी स्मृती म्हणजे माहिती डोक्यात काही क्षण धरून ठेवून तिच्यावर त्याच वेळी काम करण्याची क्षमता. पान उलटताना 0.375 हा आकडा धरून ठेवायचा, पुढचे सूत्र आठवायचे आणि हाताने अक्षरही वळवायचे, असे तिन्ही भार एकदम पडले की आकड्यांचा क्रम निसटतो. प्रक्रियेचा वेग म्हणजे साधी, ओळखीची चिन्हे पाहून चटकन हातावेगळी करण्याचा वेग. त्यात समज मोजली जात नाही. ज्याला वाचन आणि लेखन अंगवळणी पडलेले असते, त्याचे मन विषयासाठी मोकळे राहते. या मुलाचे बरेचसे मन अक्षरे आणि आकडे सांभाळण्यातच खर्ची पडत असावे. व्हायवामध्ये तो भार नसतो, म्हणून तिथे त्याची खरी समज दिसते. (मात्र केवळ या चार आकड्यांवरून निदान होत नाही, वाचन, लेखन आणि गणित यांच्या स्वतंत्र चाचण्या अहवालात असायला हव्यात. त्या आहेत का, ते कृपया पाहावे.)

बुद्धी चांगली असूनही वाचन अडते, ही गोष्ट नवी नाही. डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी 1896 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली, तीत त्याच्या शिक्षकांचे मत नोंदवले आहे की शिक्षण सगळे तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. आपल्या विद्यार्थ्याचे वर्णन वाचताना मला तीच ओळ आठवली.

एका गोष्टीबद्दल सावध करतो. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी निमहॅन्सची (बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची) अध्ययन अक्षमतेची चाचणी मुळात 12 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. महाविद्यालयातला विद्यार्थी तिच्यातील उतारा चुका न करता वाचून दाखवतो आणि मग ‘काही दोष नाही’ असा शेरा मिळतो. इतक्या वर्षांत त्याने शब्दांचे आकार पाठ करून टाकलेले असतात. अचूकता सुधारलेली असते, वेग सुधारलेला नसतो. म्हणून या वयात घड्याळ लावून वाचन आणि लेखन तपासले पाहिजे.

उत्तर 2: गणिताचे अध्यापक

माझी शंका प्रामाणिक आहे, कृपया ती विरोध समजू नये. परीक्षेत वेळ हाही एक निकष असतो. एकाला तीन तास आणि दुसऱ्याला चार तास दिले, तर बाकीच्या सत्तर मुलांना मी काय सांगू? आणि पुढे कारखान्यात त्याला जादा तास कोण देणार आहे?

उत्तर 3: अध्ययन अक्षमता असलेली माजी विद्यार्थिनी, आता लेखापाल

सर, या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःच्या अनुभवावरून देते. मला डिस्लेक्सिया (वाचनाची अध्ययन अक्षमता) आहे हे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी कळले. लहानपणी ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘तऱ्हा’ या चारही शब्दांच्या जोडाक्षरात तोच ‘र’ आहे यावर माझा विश्वासच बसत नसे, कारण प्रत्येक ठिकाणी त्याचे रूप निराळे. मी असे शब्द चित्रासारखे पाठ करत गेले आणि त्या बळावर दहावीला 71 टक्के मिळवले. अकरावीला सगळी पुस्तके इंग्रजी झाली. पाठ केलेली चित्रे तिथे उपयोगी पडेनात आणि इंग्रजीत तर लिहितात एक, वाचतात एक. मी ओळीखाली पोस्टकार्ड धरून वाचत असे, तरी ओळ सुटायची. मैत्रिणी एका तासात जे प्रकरण संपवत, त्याला मला अख्खी दुपार लागे. आळशी मुलगी अख्खी दुपार एका प्रकरणावर घालवत नाही, हे माझ्या शिक्षकांपैकी एकानेही तेव्हा लक्षात घेतले नाही, याचे दुःख अजून जात नाही.

जादा वेळ मिळाल्यावर मला न येणारे काही येऊ लागले नाही. जे येत होते ते कागदावर उतरले, एवढेच घडले. नोकरीत मी आकडे मोठ्याने वाचून ताळा करते, लांब पत्रे फोनकडून वाचून घेते आणि महिनाअखेरीचे काम चार दिवस आधी हाती घेते. माझ्या ताळेबंदात चूक निघालेली नाही. परीक्षेच्या सभागृहात यांतले काहीच करता येत नाही. आपल्या सत्तर मुलांना असे सांगता येईल की तो तुमच्याइतकाच पेपर सोडवणार आहे.

उत्तर 4: परीक्षा विभागातील निवृत्त कर्मचारी

कायद्याची बाजू मांडतो. दिव्यांगांविषयीच्या 1995 च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले, त्यांत ती आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक (विद्यार्थी सांगेल ते लिहून देणारा) यांचा उल्लेख त्याच्या कलम 17 मध्ये स्पष्ट आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान 20 मिनिटे जादा देण्याचे ठरले, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. त्या सूचना 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी होत्या. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात लेखनिकाचा हक्क 40 टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही असे ठरवले आणि त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये, टक्केवारी कमी असली तरी लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी, स्वतंत्र सूचना निघाल्या. अहवालात टक्केवारी कमी आली म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवू नये.

मॅडम, खाजगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल वर्गातील शिकवण्यासाठी पुरेसा असला, तरी परीक्षेसाठी शासकीय यंत्रणेचे प्रमाणपत्र लागेल. त्यासाठी यूडीआयडी (दिव्यांगांचे ओळखपत्र देणाऱ्या) संकेतस्थळावर अर्ज भरून रुग्णालयातील तपासणीला जावे लागते. 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे ही तपासणी वयाच्या 8, 14 आणि 18 व्या वर्षी सांगितली होती आणि 18 व्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे धरले होते. त्याचे वय 19 आहे, म्हणजे बहुधा एकदाच खेटे घालावे लागतील. प्रमाणपत्र हाती येताच, परीक्षेचे अर्ज सुरू होण्यापूर्वी, प्राचार्यांमार्फत विद्यापीठाला पत्र द्यावे. हॉल तिकीट आल्यावर केलेली धावपळ बहुधा वाया जाते.

पर्यवेक्षकाला आदल्या दिवशी लेखी सूचना देणेही तितकेच महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये डिसग्राफिया (लेखनाची अध्ययन अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, कारण नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत तिला हक्काचा जादा एक तास न देता उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले. मी स्वतः एका केंद्रावर पर्यवेक्षकांना जादा वेळ मागणाऱ्या मुलाला सर्वांदेखत ‘तुला कसला आजार आहे’ असे विचारताना ऐकले आहे. तो मुलगा पुढच्या पेपरला सवलत न मागता बसला. म्हणून शक्यतो वेगळी खोली मागावी.

प्रश्नकर्त्या प्राध्यापिका

सर्वांचे मनापासून आभार. अहवाल पुन्हा उघडून पाहिला. त्यात लेखनवेगाची नोंद नाही, ती करून घेण्यासाठी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. काल वर्गचाचणीत त्याला प्रत्येक उपप्रश्नाचे उत्तर चौकटीत लिहायला सांगितले आणि पान उलटण्याआधी तो आकडा बोट ठेवून पुटपुटत वाचायला लावला. वेळ 20 मिनिटे जास्त दिला. तीन गणिते सुटली, तिन्ही बरोबर होती. चौथे अर्ध्यावर राहिले. यूडीआयडीचा अर्ज आज त्याच्याबरोबर बसून भरते आहे, कारण त्यातले लांबलचक रकाने त्याने एकट्याने भरावेत अशी अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही.