मराठी कंटेंट म्हणजे नेमकं कुठल्या बोर्डाचं?

वरती कुणीतरी लिहिलंय की शाळेनं कंपनीचं लर्निंग ॲप घेतलं की पोरं घरबसल्या शिकतात. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात काय झालं ते ऐका की. भाचीच्या मराठी शाळेत एका कंपनीचा माणूस आला, टॅबवर झकास डेमो दाखवला, सगळं मराठीत हाय म्हणाला, पालक खूश. लॉगिन मिळाल्यावर बघतोय तर धडे सगळे बालभारतीचे! अवो, इकडं माध्यम मराठी असलं तरी पुस्तकं कर्नाटकची, मग पोरगी एका हातात पुस्तक नि दुसऱ्या हातात मोबाईल धरून धडा शोधत बसली, आणि कन्नड तर त्यात नव्हतंच, जे इथं सक्तीचं. (वर्षाची फी मात्र आधीच घेतलेली.)

सरकारचं दीक्षा हे शिकायचं ॲप २०१७ पासून फुकट हाय, पुस्तकावर क्यूआर कोड असला तर स्कॅन करून बघा आधी. मूडल, म्हणजे शाळेनं स्वतःच धडे ऑनलाइन टाकायचं सॉफ्टवेअर, पण फुकटच, पण सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो, तो दोन मास्तरांच्या शाळेनं कुठनं आणायचा?

आता कुणी डेमोला आलं की मी आमचंच पुस्तक पुढं ठेवतो, ह्यातला चौथा धडा उघडा म्हणतो, आणि नेट बंद करून उघडा. जांबोटीकडं पावसात रेंज कुठं असतीया.