सांगली-मिरजेत मोठ्या माणसांचं ॲस्परजर्सचं (ऑटिझमच्या एका प्रकाराचं) निदान कोण करतं?

हळदपेठ: लहान मुलांचे डॉक्टर नकोत, आधीच सांगतो. इथल्या एका डॉक्टरांनी "लग्न झालंय, नोकरी आहे, मग कसला ऑटिझम" म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. ऑनलाइन टेस्टमध्ये स्कोअर बराच आलाय. नाव असेल तर लगेच द्या, पुण्याला जायला रजा नाही.

कृष्णाकाठ: वय? आणि निदान स्वतःला कळावं म्हणून हवंय की सर्टिफिकेटसाठी? दोन्हीचे रस्ते वेगळे.

मायलेक: माझ्या मुलाला स्पीच थेरपीने खूप फरक पडला. उशीर करू नका.

हळदपेठ: ताई, मी चाळिशीतला आहे. बोलता येतं मला.

मिरजवाला: ॲस्परजर्स असं वेगळं निदान २०१३ च्या डीएसएम-५ पासून, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातून, गेलं. कागदावर ऑटिझम स्पेक्ट्रमच येणार. आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा, नुसता समुपदेशक नको. ती टेस्ट ५० प्रश्नांची असेल तर ती फक्त चाळणी. एन्झायटी असली तरी स्कोअर चढू शकतो.

बेदाणा: सगळी मोबाइलची फॅडं. आमच्या तासगावात असे ढीगभर आहेत. कुणाशी बोलत नाहीत, माल मात्र एक्सपोर्टचा काढतात. विपश्यना करा.

कृष्णाकाठ: दहा दिवस गप्प बसवून काय साधणार?

बेदाणा: तुम्ही केलीय का? मग बोलू नका. बाकी यंदा रेट काय फुटला म्हणे?

मिरजवाला: द्राक्षांचा धागा वेगळा काढा हो.

हळदपेठ: ऑफिसात मला काउंटरवर बसवलंय. गर्दी, आवाज, डोकं फुटायची वेळ येते. सर्टिफिकेट असलं तर आतलं टेबल मागता येईल. बायकोलाही दाखवायचंय.

कृष्णाकाठ: हे आधी सांगायचं ना! यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, मग सिव्हिलला तपासणी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण आरक्षणासारख्या गोष्टींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. टेबल बदलून घ्यायला कदाचित सायकॉलॉजिस्टचा रिपोर्टही चालेल, साहेबांना विचारा. लहानपणचं सांगणारं कुणी आहे का? निदानात ते विचारतातच.

हळदपेठ: आई आहे, विट्याला. ती म्हणते, "तुला काही नव्हतं, गुणी पोर होतास." ताट बदललं की जेवायचो नाही, एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ. तिच्या लेखी हेच गुणीपण.

मिरजवाला: मग त्यांना घेऊनच जा. शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर तीही न्या, मास्तरांचे शेरे कामाला येतात.

हळदपेठ: नेतो. पण कुणाकडे? नाव अजून एकानेही दिलेलं नाही.

मायलेक: आमच्या मॅडमचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय. मुलांच्याच आहेत, पण मोठ्यांचं कोण बघतं ते त्यांना माहीत असेल.