'विल्डरनेस इयर्स': वनवास की विजनवास?

प्रश्न
'विन्स्टन चर्चिल: द विल्डरनेस इयर्स' ही १९८१ची आठ भागांची ब्रिटिश मालिका पाहतोय. चर्चिल झालाय रॉबर्ट हार्डी (हॅरी पॉटरमधला जादूमंत्री फज, तोच हा). काळ १९२९ ते १९३९, म्हणजे सत्तेबाहेरची दहा वर्षं. 'विल्डरनेस'ला मराठीत काय म्हणावं? मला 'वनवास' सुचतोय.

उत्तर
वनवास नको. आपल्याकडे वनवासाला जाणारा निरपराध असतो, कैकेयी दुसरीच कुणीतरी असते. चर्चिल जानेवारी १९३१मध्ये पक्षाच्या नेतेमंडळातून स्वतःहून बाहेर पडला. का? तर हिंदुस्थानला वसाहतीचं स्वराज्य देण्याची भाषा त्याला सहन होईना. पुढच्याच महिन्यात, गांधीजी अर्धनग्न फकिराच्या वेषात व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढतात याची किळस येते, असं बोलला. अशा माणसाला रामाचा शब्द? वर्तमानपत्रं 'राजकीय विजनवास' लिहितात, तो ठीक.

आणखी एक
विजन म्हणजे जिथे माणूसच नाही अशी जागा. चार्टवेलच्या घरी तर राबता असायचा! परराष्ट्र खात्यातला राल्फ विग्रम, गुप्तवार्तेतला डेस्मंड मॉर्टन जर्मन शस्त्रसज्जतेची माहिती गुपचूप पुरवत. खासदारकीही शाबूत होती. पण मराठीत विजनवास आता 'सत्तेपासून दूर' याच अर्थी रुळलाय, तेव्हा चालेल. 'अज्ञातवास' मात्र मुळीच नाही. हा गडी वर्तमानपत्रांत लेख लिहून घर चालवत होता.

त्यावर
मूळ इंग्रजी शब्दामागे बायबल आहे, इस्रायली लोकांची चाळीस वर्षांची रानातली भटकंती. 'अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी' हीसुद्धा तिथलीच. हिटलरबद्दल चर्चिल सभागृहात कंठशोष करत राहिला, त्या भाषणांना आपलं 'अरण्यरुदन' चपखल बसतं. निदान ३ सप्टेंबर १९३९ला नौदल खातं परत मिळेपर्यंत. काळाला विजनवास, भाषणांना अरण्यरुदन.

प्रश्नकर्ता
पटलं. मग विजनवास 'पत्करला' म्हणू?

उत्तर
'पत्करला'मध्ये उगाच त्यागाचा वास येतो. १९२९ला पक्ष हरला तेव्हा तो 'वाट्याला आला', १९३१ला 'ओढवून घेतला'. आणि १९३६च्या डिसेंबरात गादी सोडायची वेळ आलेल्या राजा आठव्या एडवर्डची बाजू घेऊन 'लांबवला'.